तीन नंबरच्या पॅनेलवरची झेंडूची माळ

विजेच्या खात्यातून निवृत्त झालेल्या माणसाला लग्नाच्या पंगतीत एकच प्रश्न विचारतात: "काय हो भाऊ, आमच्याकडची लाइट काहून जाते?" पानात भात वाढलेला असतो, वरण निवत असतं. मी झाडं, वटवाघळं आणि जुन्या तारा अशी तीन कारणं सांगतो आणि जेवायला लागतो. नोकरीची सगळी वर्षं मी लोकांची एक वाटणी पाहत आलो. लाइट गेली तर ती खात्याने घालवली, आणि आली तर "देव पावला". भर पावसात खांबावर चढून जो ती आणतो, त्या लाइनमनचं नाव या वाटणीत कुठेच नसतं. सुरुवातीला मला याचा राग यायचा. पुढे मीच ही वाटणी माझ्या सोयीने वापरली. संपादकांनी नोकरीतले गमतीदार अनुभव मागितले आहेत. गंमत यातही आहे, फक्त ती मला जरा उशिरा कळली.

आधी माझं काम सांगतो, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल.

नागपूरहून सावनेरकडे जाणाऱ्या रस्त्यापासून थोडं आत आमचं उपकेंद्र होतं. मोठ्या तारांतून आलेली वीज तिथे उतरते आणि पाच-सहा वाटांनी गावात, गिरण्यांत, शेतांत जाते. त्या प्रत्येक वाटेला फीडर म्हणतात. आत खोलीत प्रत्येक फीडरचं एक लोखंडी कपाट असतं, त्याला पॅनेल म्हणतात. पॅनेलवर एक मूठ असते. एकीकडे फिरवली की फीडर बंद, दुसरीकडे फिरवली की चालू. मी ऑपरेटर. मूठ फिरवायची आणि वहीत लिहायचं, हे माझं काम. मुठीच्या दुसऱ्या टोकाला खांबावर एखादा माणूस असू शकतो, एवढी एकच गोष्ट या धंद्यात शिकण्यासारखी आहे.

म्हणून नियम असे. लाइनमनने परमिट मागितलं की ऑपरेटरने फीडर बंद करायचा आणि मुठीला पाटी अडकवायची: 'माणसे काम करीत आहेत, चालू करू नये.' मग बाहेर यार्डात जाऊन आयसोलेटर उघडायचा. म्हणजे विजेचा रस्ताच तोडून ठेवायचा, कोणी चुकून मूठ फिरवली तरी वीज पुढे जात नाही. शिवाय लाइनमनने अर्थिंगचा रॉड सोबत न्यायचा आणि काम सुरू करण्याआधी तार जमिनीला जोडून घ्यायची, म्हणजे वीज आलीच तर त्याच्या अंगातून न जाता जमिनीत जाते. एका जिवासाठी तीन कुलपं. ज्याने हे नियम केले त्याचा देवावर विश्वास होता की नाही कोण जाणे, ऑपरेटरवर मात्र अजिबात नव्हता.

मारोती आमचा लाइनमन. रामटेककडच्या एका खेड्यातला, बुटका, काटक. खांबावर चढण्याआधी खांबाला हात लावून तो हात छातीला लावायचा. माझी त्याची ओळख उपकेंद्राच्या आधीची. तेव्हा मी मीटर तपासणीच्या पथकात होतो आणि आमच्या यादीत एक पिठाची गिरणी होती. गिरणी दिवसभर चालायची आणि मीटर मात्र उपासाला बसल्यासारखं असायचं. गिरणीवाल्याने मीटरसमोर देवीची भली मोठी तसबीर टांगली होती. तिला हार, उदबत्ती, वर एक लाल दिवा. "साहेब, देवीची जागा आहे," तो हात जोडून सांगायचा, "बूट घालून हात नका लावू." आम्ही तीनदा गेलो, तीनदा तसबिरीला नमस्कार केला आणि तीनदा 'मीटर ठीक' असं लिहून परत आलो. पथकात सर्वांत भक्तिभावाने नमस्कार करणारा मी होतो.

चौथ्या वेळी मारोतीला बरोबर दिलं होतं. त्याने बूट काढले, गिरणीवाल्याकडून तांब्याभर पाणी मागून घेतलं, हातपाय धुतले आणि तसबिरीसमोर उभा राहून म्हणाला, "माय, जरा बाजूले हो. काम आहे." मग तसबीर दोन्ही हातांनी उतरवून गव्हाच्या पोत्यावर, धुतलेल्या दुपट्ट्यावर टेकवून ठेवली. मीटरच्या पाठीला भोक पाडून आत तार घातलेली होती. गिरणीवाला अजिबात ओशाळला नाही.

"माह्या हातानं नाही झालं साहेब," तो म्हणाला. "तिचीच इच्छा असन."

"मंग पोलिसात तिचंच नाव देऊ का?" मारोतीने विचारलं.

हा किस्सा मी पुढे कित्येक वर्षं हसून सांगितला. हसणाऱ्यांत आपण कोणत्या बाजूला आहोत, हे मात्र तपासून पाहिलं नाही.

आता त्या दिवसाकडे येतो. नवरात्रातली नवमी म्हणजे खंडेनवमी. त्या दिवशी आपल्याकडे हत्यारांची पूजा. शेतकरी विळे-कुऱ्हाडी मांडतो, शिंपी मशीनला हार घालतो. पूजेत मांडलेलं हत्यार त्या दिवशी उचलायचं नाही, त्यालाही विसावा. आमच्याकडे पकडी, पाने, रबरी हातमोजे, कमरेचे पट्टे असं सगळं धुऊनपुसून पाटावर बसायचं, आणि मधोमध तांब्याच्या टोकाचा उंच अर्थिंगचा रॉड. म्हणजे वर्षातला एक दिवस असा, की जीव वाचवायची सगळी साधनं सुट्टीवर आणि वीज मात्र कामावर.

पूजेचा कारभार माझ्याकडे असायचा. खात्यात माझी ओळख 'धार्मिक माणूस' अशी होती आणि मला ती आवडायची. कामात चोख म्हणवून घ्यायला रोज काम करावं लागतं. धार्मिक म्हणवून घ्यायला वर्षाचे चार दिवस पुरतात.

त्या सकाळी मी आंघोळ करून सोवळं नेसलो होतो, अनवाणी होतो. नागपुरातल्या बर्डीच्या बाजारातून झेंडूच्या माळा आणल्या होत्या, पॅनेलभर पुरतील अशा. दोन नंबरचा फीडर सकाळीच बंद केलेला होता, कारण त्या वाटेवर झाडं तोडणारी माणसं गेली होती. मी पाटावर हळदकुंकू वाहत असताना मारोती आला.

"शरदभाऊ, तीन नंबर बंद करून द्या. देवीच्या मांडवाजवळच्या खांबावरचं, तार धरणारं चिनी मातीचं भांडं फुटलं आहे. अन् रॉड द्या."

"मारोती, पूजेतलं हलवू नको गा," मी म्हणालो. "आत्ताच मांडलं आहे. दहा मिनिटांचं काम तुझं, लाइन तं बंदच राहणार आहे."

तो रॉडकडे पाहत राहिला. रॉडच्या टोकाला मी नुकतंच जास्वंदीचं फूल ठेवलं होतं.

"पक्कड तं लागन न भाऊ."

"पक्कड ने एक वेळ. रॉड राहू दे."

रॉड उचलला असता तर पूजेची सगळी शोभा गेली असती, पकडीचं तसं नव्हतं. मारोतीने हात जोडले, पाटावरची आपली पक्कड उचलली, तिच्यावरचं कुंकू कपाळाला लावलं आणि गेला. मी तीन नंबर बंद केला, पाटी अडकवली. यार्डात जाऊन आयसोलेटर उघडायचा राहिला होता. पण यार्डात बुटांशिवाय जायचं नाही, आणि सोवळ्यात चामड्याला शिवायचं नाही. आरती झाल्यावर जाऊ, असं मी ठरवलं.

मग मी पॅनेलांना माळा घातल्या. प्रत्येकावर कुंकवाचं स्वस्तिक काढलं. सगळी पॅनेलं मुंडावळ्या बांधलेल्या नवरदेवांसारखी एका रांगेत उभी होती आणि सगळी सारखीच दिसत होती. आरती झाली, नारळ फुटला. तेवढ्यात फोन वाजला. झाडं तोडणाऱ्यांचा मुकादम बोलत होता: काम झालं, माणसं खाली उतरली, दोन नंबर चालू करा.

नंबराच्या पट्ट्या माळांच्या खाली होत्या. माळ उचलून पाहायला हवं होतं. पण नुकताच वाहिलेला हार हलवायला माझा हात धजेना. मी डावीकडून पॅनेलं मोजली आणि एक चुकलो. मुठीवर हात ठेवला तेव्हा बोटांना खाली काहीतरी कडक लागलं. माळेचा गोंडा असेल, असं वाटून मी मूठ फिरवली. धाडकन आवाज होऊन फीडर आपोआप बंद पडला. मग मी माळ उचलली. खाली पाटी होती आणि पट्टीवर तीन लिहिलेलं होतं.

मारोती खांबावर होता. झटका बसून तो सुटला आणि खाली देवीच्या मांडवावर पडला. मांडवाचं कापड फाटलं आणि तो थेट मूर्तीच्या पायाशी येऊन आदळला. उजव्या हाताची दोन बोटं गेली, मांडीचं हाड मोडलं, पण जीव वाचला. सगळ्या वस्तीने पाहिलं की देवीने त्याला पदरात झेललं. संध्याकाळच्या आरतीला त्या मांडवात पाय ठेवायला जागा नव्हती म्हणतात.

दसरा झाल्यावर चौकशी बसली. साहेब मोठे श्रद्धाळू. त्यांनी आधी विचारलं, नारळ चांगला निघाला होता ना? मग कामाचं विचारलं.

मी सांगितलं, "परमिट दिलं होतं, साहेब. फीडर बंद केला होता. पाटी लावली होती. रॉड उपकेंद्रात उपलब्ध होता."

"मग वीज आली कुठून?"

"मांडवात देवीच्या मंडळाचा जनरेटर सुरू होता, साहेब."

यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. इतकी खरी वाक्यं बोलून इतकं पूर्ण खोटं बोलता येतं, हे मला त्या खुर्चीवर बसून कळलं. वहीत मी मूठ फिरवल्याची नोंद केलीच नव्हती. अहवाल असा झाला: जनरेटरची वीज उलटी तारेत शिरली असावी, लाइनमनने अर्थिंग न करण्याचा निष्काळजीपणा केला, दैव बलवत्तर म्हणून प्राण वाचले. मारोतीची एक वेतनवाढ रोखली आणि त्याला खांबावरून उतरवून बिलं वाटायला लावलं. खात्याने उपकेंद्रात सत्यनारायण घातला. पूजेला सपत्नीक बसायचा मान अर्थातच धार्मिक माणसाला मिळाला. आयसोलेटरच्या हँडलला कुलूप लावावं, हे सुचायला मात्र आणखी दोन वर्षं गेली.

मी दवाखान्यात भेटायला गेलो तेव्हा मारोतीचा पाय वजनाला बांधलेला होता. चौकशीत त्याने 'रॉड न्यायचा राहून गेला' एवढंच सांगितलं होतं. मी त्याला विचारलं, पूजेचं काहून नाही सांगितलंस?

"देवाची पूजा कागदात कायले आणायची, भाऊ? लोक म्हणतीन, पूजेमुळं माणूस मरत होता." मग त्याने मला जवळ बोलावलं. "मले माहीत आहे काहून झालं ते. पूजेतली पक्कड मी उचलली. देवी रागावली. बोटं घेतली, पण टाकलं नाही मले. आपल्याच पायाशी पाडलं. मी नवस बोललो आहे. दर दसऱ्याले रामटेकचा गड पायऱ्यांनी चढून माफी मागीन."

त्या क्षणी बोलायला हवं होतं. मी म्हणालो, "मी नेत जाईन तुला."

देवी रागावली आणि माफी रामाकडे, हे कसं, असं मी त्याला एकदा विचारलं होतं. तो म्हणाला, "राम मोठा अधिकारी आहे, भाऊ. त्याच्यामार्फत अर्ज गेलेला बरा." विजेच्या खात्यात वीस वर्षं काढलेल्या माणसाला देवही योग्य मार्गानेच गाठायचा असतो.

तर मी त्याला नेत राहिलो. आधी स्कूटरवर, मग गाडीने. तो लंगडत, दर वीस पायऱ्यांवर थांबत चढायचा आणि मी त्याची पाण्याची बाटली धरून मागे. लोक माझं कौतुक करायचे: सख्खा भाऊ करत नाही इतकं शरदभाऊ करतात. मारोतीच्या घरी मला पाहुण्यांच्या आधी चहा मिळायचा. त्याची बायको कमला, माझ्या कमलावहिनी, नवऱ्याच्या हातून झालेल्या पापासाठी प्रत्येक नवरात्र नऊ दिवस अनवाणी राहायच्या. चहाचा कप हातात घेताना माझी नजर कधीकधी त्यांच्या भेगा पडलेल्या टाचांवर जायची. मी ती कपात वळवायचो.

का सांगितलं नाही? पहिल्या वर्षी नोकरीची भीती होती. मग बढतीची आशा होती, मग निवृत्तिवेतनाची काळजी. भीतीला सुरुवातीला कारण होतं, पुढे ती नुसती सवय झाली. आणि सोबत होता आपला धर्म. प्रारब्ध, भोग, विधिलिखित, असे शब्द आपल्याकडे मुबलक आहेत आणि मी ते सगळे वापरले. 'निमित्तमात्र' हा तर माझा फारच लाडका. मूठ माझ्या हाताने फिरली, पण फिरवणारा तो. पगाराच्या दिवशी मात्र पगार त्याने घेतला, असं मी कधी म्हटलं नाही.

गेल्या वर्षी उन्हाळ्यात मारोतीच्या छातीत दुखलं. नागपूरला आणून हृदयात स्प्रिंग बसवली. डॉक्टरांनी बजावलं: जिने, चढ, काही नाही. मला वाटलं, सुटलो. गडावर वरपर्यंत गाडीचा रस्ता आहे, बसू गाडीत आणि जाऊ. नवरात्रातल्या अष्टमीला दुपारी मी हे सांगायला त्याच्या घरी गेलो. तो ओसरीत खुर्चीवर बसला होता. पाय सुजले होते.

"गाडीनं नाही, भाऊ," तो म्हणाला. "पायऱ्यांनी बोललो आहे. पायऱ्यांनीच जाईन."

"डॉक्टर काय म्हणाले ते विसरला का गा? अर्ध्यात मरशीन."

"मरीन तं मरीन. पोरीचं पहिलं बाळंतपण आहे दिवाळीत. औंदा नवस चुकला तं देवी वैशूवर काढीन. माह्यावर काढलेलं परवडलं."

त्याला हसून समजावलं, रागावून समजावलं. नवस बदलून घेता येतो, पुजाऱ्याला विचारू, असंही म्हणून पाहिलं. तो नुसता मान हलवत होता. परवा सकाळी हा माणूस पायऱ्या चढणार, मी बाटली घेऊन मागून जाणार, आणि तो माझ्यासमोर कोसळणार, हे मला स्पष्ट दिसत होतं. या वेळी तर खाली मांडवही नव्हता.

"मारोती, देवीनं काही केलं नाही," मी म्हणालो. "जनरेटरनंही नाही. तीन नंबर मी चालू केला."

मी सगळं सांगितलं: माळा, मुकादमाचा फोन, चुकलेली मोजणी, सोवळं, न उघडलेला आयसोलेटर. सांगताना माझा आवाज इतका साधा होता की मलाच लाज वाटली. बाजारातून काय आणलं ते सांगावं तसा.

"पाटी होती?" त्याने विचारलं.

"माळेखाली होती."

"हाताले लागली?"

"लागली."

आपल्या उजव्या हाताकडे पाहत तो म्हणाला, "वर्षाच्या वर्षाले माह्या मागं पाणी घेऊन चढत होता तू." वीस-बावीस वर्षांत तो मला पहिल्यांदाच 'तू' म्हणाला.

"तुझ्याबदली मी चढतो, मारोती. यंदा, पुढं, जितकी वर्षं म्हणशीन तितकी."

"पायऱ्या चढणं सोपं आहे," तो म्हणाला. "तिथं कोणी काही विचारत नाही. मी चढलो न इतकी वर्षं, कोणी विचारलं? हापिसात जा. तिथं तुह्या खोट्यापायी माह्या नावापुढं निष्काळजी लिहिलं आहे. लिहून दे. अन् दसऱ्याले गाडी नको आणू."

रात्रभर बसून लिहिलं असं म्हटलं तर शोभून दिसेल, पण अर्ध्या तासात झालं. सगळं पाठच होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी विभागीय कार्यालयात गेलो. तो दिवस खंडेनवमीचा आहे हे माझ्या लक्षातच नव्हतं. टेबलं पुसलेली, संगणकांना माळा, आणि आवक विभागाच्या कोपऱ्यात एका चौरंगावर पंच मशीन, कात्र्या, पेनं आणि कार्यालयाचे सगळे शिक्के हळदकुंकू लावून मांडलेले. आवक बारनिशी, म्हणजे आलेल्या कागदांची वही, सांभाळणारी मुलगी नवीन होती. तिने माझा अर्ज घेतला, वरवर पाहिला आणि परत केला.

"शिक्का पूजेत आहे, काका. परवा या न."

"आज नाही का होणार?"

"पूजेतलं कसं उचलायचं?"

खरं तर तिचं काहीच चुकलं नव्हतं. हे उत्तर तिला माझ्यासारख्याच कोणीतरी शिकवलं असणार. दोन दिवसांनी आलो असतो तरी अर्जात फरक पडला नसता. पण मला माझी खात्री नव्हती. दोन दिवसांत मला चांगली दहा कारणं सुचली असती, आणि त्यांतली नऊ धार्मिक असती. मी चपला काढल्या, चौरंगाजवळ गेलो, हात जोडले आणि आवक शिक्का उचलला. कोणीतरी म्हणालं, "अहो काका, काय करून राहिले?"

"शिक्का मारून राहिलो," मी म्हणालो. "पाप लागलं तर माझं नाव अर्जाच्या खाली लिहिलेलंच आहे."

ती मुलगी घाबरून पाहत होती. मग तिने शाईची गादी पुढे सरकवली. "आता उचललाच आहे तं नीट मारा," ती म्हणाली. "कालच्यांतला एक पुसट आला होता." मी दोन्ही प्रतींवर शिक्का मारला. तिने सही केली, आवक क्रमांक घातला. शिक्का मी पुसून जागेवर ठेवला, आणि मला काही झालं नाही.

त्या अर्जाचं काय झालं, असं वाचक विचारतील. अजून काही नाही. जुनी फाइल सापडत नाही म्हणतात. माझं निवृत्तिवेतन थांबवतील का, कारवाई करतील का, कोणाला माहीत नाही. एका अधिकाऱ्याने मला समजावलं की इतक्या वर्षांनी उकरून काढण्यात अर्थ नाही, त्यापेक्षा एखाद्या देवस्थानाला काहीतरी द्या, मन शांत होईल. चांगला माणूस आहे, त्याच्या जागी मी असतो तर हेच सांगितलं असतं. मी त्याला दर पंधरा दिवसांनी स्मरणपत्र देतो.

दसऱ्याच्या संध्याकाळी आपट्याची पानं आणि अर्जाची प्रत घेऊन मी मारोतीकडे गेलो. तो घरीच होता, रामटेकला गेला नव्हता. मी पानं पुढे केली. त्याने ती घेतली नाहीत, कागद घेतला. चष्मा लावून ओसरीतल्या दिव्याखाली उभा राहून एकेक ओळ बोटाखाली धरून वाचला. बोटं तीनच, त्यामुळे कागद सारखा वाकत होता. दोन पानं वाचायला त्याला बराच वेळ लागला. शेवटी शिक्का आला, तोही वाचला. मी काहीतरी ऐकायची तयारी ठेवून उभा होतो. शिवी चालली असती. माफ केलं म्हणाला असता तर फारच बरं वाटलं असतं, हे कबूल करतो.

त्याने आत हाक मारली.

"कमले, इकडं ये वं."

वहिनी पदराला हात पुसत बाहेर आल्या. पायांत चपला नव्हत्या.

"देवी आपल्यावर रागावली नव्हती वं," मारोती म्हणाला. कागद त्याने त्यांच्यापुढे धरला होता, जणू त्यांना वाचता येत होतं. "कधीच नव्हती."

वहिनींनी कागदाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि भिंतीला टेकून खाली बसल्या. पाय लुगड्याखाली ओढून घेतले आणि मोठ्याने रडू लागल्या. मला वाटत होतं मी मारोतीची बोटं नेली, वेतनवाढ नेली, खांबावरचं काम नेलं. माझ्या यादीत एवढंच होतं, वहिनींची ती अनवाणी वर्षं नव्हती. मारोती खाली त्यांच्या शेजारी जाऊन बसला. त्या घरात पहिल्यांदाच मला कोणी बस म्हटलं नाही, चहा विचारला नाही. मी पानं उंबऱ्यावर ठेवली आणि चपला घालून निघालो.